कंदील का कलतो? चोवीस कामट्या, सहा कर्ण आणि एक सॉल्व्हर

(दिवाळीच्या आधी चांदीपला गावातल्या मुलामुलींसमोर झालेलं हे बोलणं. एपिसोडमध्ये ऐकलंत तेच इथे लिहून काढलंय. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून मधले ‘म्हणजे’ आणि ‘हां तर’ थोडे कमी केलेत. आकडे नीट बघायचे असतील तर हे पान सेव्ह करून ठेवा.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय नुसता सांगितला तर अर्धे जण उठून जातील. कॉम्प्युटरवर अटी घालून त्रिमितीय आकार कसा बांधायचा, असा तो विषय आहे. म्हणून त्या बाजूने सुरुवात करत नाही. कंदिलापासून करू. दिवाळी तोंडावर आलीय आणि आपल्याकडे बांबू काय कमी नाही.

तुमच्यापैकी किती जणांनी घरी बांबूचा कंदील बांधलाय? हात वर करा. ठीक, सात-आठ जण आहेत. बाकीच्यांनी बाजारात बघितलाय, तेवढं पुरे.

कंदिलाचा सांगाडा

आपला साधा, जुन्या पद्धतीचा कंदील डोळ्यांसमोर आणा. चार चौकोन कोपऱ्यावर उभे असतात, पतंगासारखे. त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल फिरून येतात. वर एक आडवा चौकोन, खाली एक आडवा चौकोन. एकूण सहा चौकोन. चौकोनांच्या मधे ज्या जागा उरतात त्या त्रिकोणी असतात, वर चार आणि खाली चार, म्हणजे आठ. मग कागद, करंज्या, खाली झिरमिळ्या.

आता फक्त सांगाडा बघा, कागद नको. सहा चौकोन, प्रत्येकाला चार कामट्या. सहा चोक चोवीस. आणि कोपरे? प्रत्येक कोपरा दोन चौकोनांत वाटलेला आहे, म्हणून चोवीसचे अर्धे, बारा कोपरे. चोवीस कामट्या, बारा गाठी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, आज सगळं त्यावरच चालणार आहे.

ज्यांनी बांधलाय त्यांना एक गोष्ट माहीत आहे. चोवीसच्या चोवीस कामट्या बांधून झाल्या, गाठी घट्ट केल्या, आणि कंदील उचलला की तो कलतो. इकडून दाबला की तिकडून फुगतो. चौकोनाचा शंकरपाळा होतो. मग आपण म्हणतो, गाठ सैल राहिली. परत घट्ट करतो. परत कलतो.

गाठीचा दोष नाही तो. गाठ कितीही आवळली तरी कलणारच. का ते बघू.

खराट्याच्या चार काड्या

घरी गेल्यावर हे करून बघा. खराट्याच्या तीन सारख्या काड्या घ्या, टोकं दोऱ्याने बांधा. त्रिकोण झाला. त्याला दाबा, ओढा, आकार बदलत नाही. काडी मोडेल पण त्रिकोण कलणार नाही. आता चौथी काडी घेऊन चौकोन करा. बोट लावलं की आडवा झाला. त्याच काड्या, त्याच गाठी.

हे आपल्या आसपास सगळीकडे आहे. पत्र्याच्या शेडची कैची बघा, आत सगळे त्रिकोण. शेताच्या लाकडी फाटकाला मागून एक तिरपी पट्टी ठोकलेली असते. ती काढली की फाटक दोन पावसाळ्यांत खाली झुकतं. गवंडी खोलीची आखणी करताना चार भिंतींची लांबी मोजतो आणि तेवढ्यावर थांबत नाही, दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि कर्णही सारखे आले तरच काटकोन. चार बाजूंची मापं बरोबर असूनही खोली तिरपी असू शकते, हे त्याला माहीत असतं.

आता हेच मोजून बघू. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे.

छत्तीस, तीस, चोवीस

हवेतला एक कोपरा कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात: किती डावी-उजवीकडे, किती पुढे-मागे, किती वर-खाली. बारा कोपरे, प्रत्येकी तीन आकडे. १२ × ३ = ३६. कंदील म्हणजे हे ३६ आकडे. ते कळले की कंदील कळला.

एक कामटी आपल्याला काय सांगते? एकच गोष्ट: या दोन कोपऱ्यांतलं अंतर एवढं आहे. एक कामटी, एक अट. चोवीस कामट्या, चोवीस अटी.

छत्तीस आकडे पाहिजेत आणि अटी चोवीस. बारा कमी पडल्या. पण थांबा, त्या बारांतल्या सहा आपल्याला नकोच आहेत. अख्खा कंदील उचलून तुम्ही तीन दिशांना सरकवू शकता आणि तीन तऱ्हांनी फिरवू शकता. त्याने आकार बदलत नाही, फक्त जागा बदलते. कंदील वाऱ्यावर डुलायला पाहिजेच. म्हणून सहा वजा करा. आकार पक्का व्हायला ३६ वजा ६, म्हणजे ३० अटी लागतात.

आपल्याकडे आहेत २४. सहा कमी.

आणि चौकोन किती आहेत? सहाच. प्रत्येक चौकोनाला एक तिरपी कामटी, म्हणजे एक कर्ण दिला की हिशोब पुरा. २४ अधिक ६, बरोबर ३०. ना कमी ना जास्त.

ही मोजणी करायची पद्धत जेम्स क्लर्क मॅक्सवेलची. विजेचं आणि चुंबकाचं गणित मांडणारा तोच मॅक्सवेल. १८६४ मध्ये त्याने पूल आणि छपराच्या सांगाड्यांसाठी हा नियम लिहिला. त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, ऑगस्टँ लुई कोशी या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं होतं की बाहेरच्या बाजूने फुगलेल्या, कुठेही आत खड्डा नसलेल्या आकाराच्या सगळ्या बाजू कडक असतील, तर सांध्यांवर बिजागऱ्या असल्या तरी तो आकार हलत नाही. आपला कंदील तसाच फुगीर आकार आहे. त्याच्या बाजू कडक केल्या की काम झालं. त्रिकोण आधीच कडक आहेत. राहिले फक्त चौकोन.

इथे एक गंमत आहे. पुष्कळ जण कर्ण बांधत नाहीत, तरी कागद लावल्यावर कंदील ताठ होतो. कारण चौकोन कलायला लागला की त्याचा एक कर्ण आखूड होतो आणि दुसरा लांब होतो. कागद दाबाला वाकतो पण ओढीला धरतो. लांब होणाऱ्या कर्णाला तो अडवतो. दुसऱ्या बाजूने कलला की दुसऱ्या कर्णाला अडवतो. म्हणजे कंदिलाचा कागद नुसता रंगासाठी नाही, तो बांधकामाचा भाग आहे. आणि त्यातही चौकोनांवरचा कागद. आठ त्रिकोणांवर कितीही चांगला कागद लावलात तरी कलणं थांबणार नाही, कारण तिथे अडचण नव्हतीच.

यातून कामाची गोष्ट अशी की कामटीचा कर्ण वापरलात तर चौकोनाला एक पुरे, कारण कामटी दाबही घेते आणि ओढही. दोऱ्याचा कर्ण असेल तर दोन लागतात, फुलीसारखे, कारण दोरा फक्त ओढ घेतो. सहा कामट्या किंवा बारा दोरे.

मोजणी बरोबर, जागा चूक

कोणीतरी विचारेल, तीस झाले की झालंच का? नाही. समजा तुम्ही पाच चौकोनांना कर्ण दिले आणि सहावी कामटी एका बाजूच्या कामटीला लागूनच बांधली. कामट्या तीस झाल्या. ती एक बाजू मजबूत झाली. पण सहावा चौकोन मोकळाच, कंदील कलतोच. तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगितलीत आणि एक सांगायची राहिली.

ही गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढे कॉम्प्युटरसमोर बसल्यावर बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. अटी किती आहेत एवढ्याने भागत नाही, प्रत्येक अट काहीतरी नवीन सांगते का, ते बघावं लागतं.

आता सॉल्व्हर

कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत तुम्ही प्रत्येक कोपऱ्याची जागा सांगता. कंदिलासाठी ३६ आकडे टाकायचे. उद्या कंदील मोठा करायचा झाला की ३६ आकडे परत.

दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही जागा सांगत नाही, अटी सांगता. या दोन रेषांची टोकं एकत्र, म्हणजे गाठ. या सगळ्या रेषा सारख्या लांबीच्या. या दोन रेषांत काटकोन. आणि एक रेषा ३० सेंटिमीटर. मग कॉम्प्युटरला म्हणायचं, आता तूच शोध हे बारा कोपरे कुठे बसतात. हे शोधणारा जो भाग असतो त्याला सॉल्व्हर म्हणतात, आणि अटीला म्हणतात कन्स्ट्रेंट.

तो शोधतो कसा? सुताराकडे बघा. चौकट करताना तो सगळे खिळे एकदम पक्के ठोकत नाही. अर्धे ठोकतो. मग दोन्ही कर्ण मोजतो. एक जास्त आला तर त्या कोपऱ्यावर हातोडीने हळूच एक मारतो. परत मोजतो. फरक गेला की खिळे पक्के. अंदाज, मोजणी, दुरुस्ती, परत मोजणी.

सॉल्व्हर तेच करतो, फक्त त्याला एक युक्ती माहीत आहे. ठोका किती जोरात मारायचा हे तो हिशोबाने काढतो. न्यूटनची पद्धत म्हणतात तिला. एका आकड्यावर करून दाखवतो. दोनचं वर्गमूळ काढायचंय. अंदाज करा, १.५. दोनला १.५ ने भागा, १.३३३ येतं. खरं उत्तर या दोघांच्या मधे आहे, म्हणून सरासरी घ्या: १.४१६७. परत तेच करा. दोनला १.४१६७ ने भागलं की १.४११७. सरासरी १.४१४२. दोन ठोक्यांत चार दशांश बरोबर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आत्ता करून बघा.

सॉल्व्हर हेच छत्तीस आकड्यांवर एकदम करतो. प्रत्येक अटीत किती फरक उरलाय त्याचा तक्ता मांडतो, सगळे कोपरे एकाच वेळी थोडे थोडे सरकवतो, परत मोजतो. कंदिलासारख्या आकाराला डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर येतं.

कल्पना नवीन नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीला आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. खोलीभर मोठा टीएक्स-२ कॉम्प्युटर, पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेषा काढायची आणि सांगायचं, ह्या दोन समांतर, ह्या दोन सारख्या. वेडीवाकडी काढलेली आकृती आपोआप सरळ व्हायची. आज कारखान्यात जे डिझाईन सॉफ्टवेअर चालतं त्या सगळ्यांच्या पोटात ही कल्पना आहे. आणि हे सगळं लांबचं आहे असं समजू नका. मुंबईची जिओमेट्रिक आणि फ्रान्सची दसॉ सिस्टिम्स यांनी २००२ मध्ये मिळून एक कंपनी काढली, तिचं मोठं काम पुण्यात चालायचं. या सॉफ्टवेअरच्या आतला कोड लिहिणारे इंजिनियर तिथे बसायचे. आजही दसॉचं हे काम पुण्यात चालतं.

पडद्यावर कंदील

आता प्रत्यक्ष. सॉल्व्हस्पेस नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. जोनाथन वेस्टह्यूज या माणसाने बनवलं आणि २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. डाउनलोड अगदी लहान, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्याची खास गोष्ट म्हणजे त्यात रेषा थेट हवेत, तिन्ही दिशांत काढता येतात. फ्रीकॅड हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर. २००२ पासून चालू आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. पण त्याचं स्केच सपाट कागदावर असतं, म्हणून कंदिलासाठी मी सॉल्व्हस्पेस घेतो.

‘स्केच इन थ्रीडी’ निवडा. चोवीस रेषा काढा, टोकाला टोक जोडत. वेड्यावाकड्या चालतील, पण साधारण कंदिलासारख्या दिसू द्या. का, ते पुढे सांगतो. मग सगळ्या रेषांना ‘इक्वल’ लावा. तेवीस वेळा, कारण पहिली रेषा आणि बाकीच्या तेवीस. आणि फक्त एका रेषेवर आकडा लिहा, ३०.

सॉफ्टवेअर एका कोपऱ्यात आकडा दाखवतं, किती मोकळीक शिल्लक आहे त्याचा. तो बघा: १२. आपल्या छत्तीसातून चोवीस गेले. आता माऊसने एखादा कोपरा धरून ओढा. अख्खा कंदील कलेल, सगळ्या कामट्या ३० च्याच राहतील आणि आकार मात्र वाट्टेल तसा बदलेल. हातातला बांबूचा सांगाडा जसा कलतो, अगदी तसाच.

आता प्रत्येक चौकोनात एका कोपऱ्यावर ‘परपेंडिक्युलर’, म्हणजे काटकोन. कर्णाऐवजी गुण्या लावला समजा. सहा वेळा. प्रत्येक वेळी मोकळीक एकाने कमी होताना दिसेल: अकरा, दहा, नऊ... आणि सहावर थांबेल. आता ओढलंत तर कंदील सरकेल, फिरेल, पण आकार बदलणार नाही. हे उरलेले सहा म्हणजे हवेत टांगलेल्या कंदिलाचं डुलणं. तेही नको असेल तर एक कोपरा मूळ बिंदूला बांधा, दुसरा एका रेषेवर, तिसरा एका पातळीवर. तीन, दोन, एक. शून्य.

आता त्या ३० वर डबल-क्लिक करून ४५ लिहा. अख्खा कंदील मोठा होतो. तेवीस कामट्यांना आपण लांबी सांगितलेलीच नव्हती, फक्त ‘पहिलीएवढी’ म्हटलं होतं.

दोन अडचणी येतील, त्या आधीच सांगतो. पहिली: एखादा कोपरा बाहेर यायच्या ऐवजी आत खड्ड्यात गेलेला दिसेल, सगळ्या अटी पाळूनसुद्धा. अटींना एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात. सॉल्व्हर तुमच्या कच्च्या चित्राच्या जवळचं उत्तर शोधतो. म्हणून सुरुवातीचं चित्र साधारण कंदिलासारखं काढा म्हणालो. दुसरी: त्याच चौकोनात आणखी एक काटकोन लावलात तर तो कुरकुर करेल की ही अट जास्तीची आहे, हे मला आधीच माहीत होतं. आणि एका कामटीला ‘सारखी’ही म्हटलंत आणि ३२ सेंटिमीटरही म्हटलंत, तर तो लाल होतो आणि थांबतो. त्याच्यावर चिडू नका. बांबू अशा वेळी वाकून घेतो, थोडं सोसतो, आणि आपल्याला कळतही नाही की मापात भांडण आहे. सॉल्व्हर तोंडावर सांगतो.

याने कोणाचं काय होणार?

आता खरा प्रश्न. हे शिकून काय मिळणार?

एक, कंदील करणाऱ्यांसाठी. आपल्या वसई तालुक्यातच भालिवलीला सेवा विवेक या संस्थेच्या कामातून आदिवासी महिला बांबूच्या वस्तू बनवायला शिकल्या आहेत. राख्या, कंदील असं कितीतरी. त्यांच्या हातात जे कसब आहे ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. कामटी किती पातळ काढायची, कुठे वाकेल, गाठ कुठे बसेल. ते तुम्ही लॅपटॉप घेऊन त्यांना शिकवायला जाऊ नका, शिकून घ्यायला जा. पण कोणाही कारागिरासमोर एखाद्या सोसायटीने येऊन म्हटलं, आम्हाला गेटवर भला मोठा कंदील पाहिजे, आणि घरोघरी लावायला लहान पन्नास, तर त्या वेळी मापाचा तक्ता लगेच हातात असला की भाव लगेच सांगता येतो. तो तक्ता असा:

कामटी २० सेंटिमीटर असेल तर कर्ण २८.३.
कामटी ३० असेल तर कर्ण ४२.४.
कामटी ४५ असेल तर कर्ण ६३.६.

या आकारात एक छान योग आहे. वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंतची उंची बरोबर एका कर्णाएवढी असते. आणि मधल्या एका कोपऱ्यापासून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी बरोबर दोन कामट्यांएवढी. म्हणजे ३० ची कामटी घेतलीत तर कंदील ४२.४ उंच आणि ६० रुंद. गॅलरीत बसेल की नाही, हे बांधायच्या आधी कळतं. कामट्या किती लागतील? २४ गुणिले ३०, म्हणजे ७२० सेंटिमीटर, सव्वासात मीटरला जरा कमी. कर्णासाठी बांबूच वापरला तर आणखी अडीच मीटर. वाया जाणारा वेगळा. आता बांबूचा भाव माहीत असला की हिशोब मांडता येतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘अंदाजे सांगा’, आणि अंदाजात नेहमी कारागिराचंच नुकसान होतं.

दोन, तुमच्यापैकी जे आयटीआय किंवा डिप्लोमा करताय त्यांच्यासाठी. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, तिथल्या गाळ्यांमध्ये डाय, मोल्ड, मशिनचे भाग बनतात. तिथे कामाला गेलात की कोणीतरी विचारणार, सॉफ्टवेअर येतं का? आणि तुम्ही म्हणणार, येतं. कोणतं बटण कुठे आहे हे येतं. पण एक उदाहरण घ्या.

गोल फ्लँज आहे. त्यावर सहा भोकं, १०० मिलिमीटर पीसीडीवर. पीसीडी म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ. एकाने सहाही भोकांची जागा आकड्यांनी टाकली. एक भोक मधल्यापासून ५० आडवं, शून्य उभं. दुसरं २५ आडवं, ४३.३० उभं. असे बारा आकडे. दुसऱ्याने वर्तुळ काढलं, म्हटलं सहाही मध्य या वर्तुळावर, आणि शेजारच्या दोघांत सारखं अंतर, आणि वर्तुळाचा व्यास १००. दोघांची ड्रॉइंग पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन येतो, पीसीडी ११० करा. दुसरा मुलगा एक आकडा बदलतो आणि घरी जातो. पहिला बदलत बसतो: ५० चे ५५, ४३.३० चे ४७.६३... आणि त्यातलं एक भोक बदलायचं राहतं. पाच मिलिमीटर आत. पडद्यावर ते पटकन दिसत नाही. लोखंडात दिसतं, बोल्ट जात नाही तेव्हा. बांबू वाकतो, लोखंड वाकत नाही. तो जॉब भंगारात जातो आणि बोलणी खातो तो मशिनवरचा कामगार, ड्रॉइंगवाला नाही.

म्हणून म्हणतो, ड्रॉइंग म्हणजे नुसतं चित्र नसतं. त्यात कोणती गोष्ट कोणावर अवलंबून आहे हे लिहिलेलं असतं. ते नीट लिहिणं हीच त्या कामातली अक्कल आहे, आणि ती कोणत्याही एका सॉफ्टवेअरपुरती नाही. सॉफ्टवेअर पाच वर्षांत बदलेल. मोकळीक मोजायची सवय बदलणार नाही.

लॅपटॉप नाही, मोबाईलच आहे

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. सॉल्व्हस्पेससाठी लॅपटॉप लागतो, खरं आहे. शाळेत, कॉलेजात, कोणा मित्राकडे अर्धा तास मिळाला तरी चालेल.

मोबाईलवर ऑनशेप नावाचं ॲप आहे. फुकट खातं मिळतं, पण त्यात तुमची ड्रॉइंग सगळ्यांना दिसतात, हे लक्षात ठेवून वापरा. त्यात सपाट स्केचला अटी लावता येतात. रेषा निळी असेल तर अजून मोकळीक आहे, काळी झाली की पक्की, लाल झाली की अटींमध्ये भांडण. फ्लँजचं उदाहरण त्यात मस्त करता येतं.

दुसरं जिओजेब्रा. मोबाईलवर चालतं, त्रिमितीय आकार फिरवून बघता येतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतही आहेत. मात्र फरक समजून घ्या. जिओजेब्रामध्ये तुम्ही क्रमाने बांधता: आधी हा बिंदू, त्यावरून ही रेषा, त्यावरून ते वर्तुळ. पहिलं हलवलं की पुढचं हलतं, पुढचं ओढून मागचं हलत नाही. सॉल्व्हरमध्ये क्रम नसतो, सगळ्या अटी एकदम. दोन्ही उपयोगी आहेत, पण एक आलं म्हणजे दुसरं आलं असं नाही.

आणि काहीच नसेल तर खराट्याच्या काड्या आहेतच.

घरचा अभ्यास

तीन आकार देतो. प्रत्येकाचे कोपरे मोजा, तीनने गुणा, सहा वजा करा, आणि कामट्यांशी ताडून बघा.

पहिला, चार कोपऱ्यांचा, सगळीकडून त्रिकोण. कोपरे ४, १२ वजा ६, लागतात ६. कामट्या ६. पक्का.

दुसरा, खोका. कोपरे ८, २४ वजा ६, लागतात १८. कामट्या १२. सहा कमी. कंदिलाएवढ्याच कमी! खोक्याच्या बाजूही सहा, चौकोनीच. म्हणून कडा बांधून केलेला खोकाही कलतो, आणि प्रत्येक बाजूला एक कर्ण दिला की थांबतो.

तिसरा तुम्ही करा. दोन चौकोनी पिरॅमिड पायाला पाय जोडून होतो तो, सहा कोपऱ्यांचा. आधी कागदावर मोजा, मग काड्यांनी बांधा, आणि मोजणीने जे सांगितलं ते हाताला लागतं का बघा. फोटो आणि व्हिडिओ एपिसोडच्या खाली टाका. कलणारा कंदील आला तरी चालेल, फक्त किती कमी पडले ते लिहा.

एवढंच. कोणाला काड्या आत्ताच बांधून बघायच्या असतील तर मी खराटा घेऊन आलोय. या पुढे.